चौथा रिपोर्ट

अकोल्याहून सोडलं तवा टाया वाजवल्या पोरींनी,
पांढऱ्या झग्यातल्या, कोनाचं तोंड दिसलं नाही.
एक गुलाबाचं फूल देलं, एक कागद.
कागदावर माहं नाव: शेवंता उकंडा इंगळे.
त्यातलं मधलं नाव अकरा दिवसांआधीच
दुसऱ्या मजल्यावरून गेलं होतं.
कागदाले ते कोनी सांगतलं नव्हतं.

गाडीवाल्यानं फाट्यावरच उतरवलं.
"काकू, येथून पायी जा, मले गाडी धुवाची हाये."
फूल हातात घेऊन चालली मी, दीड कोस,
जशी काही नवरीच.

मंग लेकीले पोरगी झाली, दर्यापुरात.
जावई फोनवर म्हने, "मामी, तपासून या एक डाव."
चुकीचं नाही म्हनलं त्यानं.
रजनी ताथोड, आमची आशा, घेऊन गेली दवाखान्यात.
नाकात काडी, डोयात पानी.
तीन दिवसांनी: पाझिटिव.
दहा दिवसांनी निगेटिव. मी पिशवी भरली,
यष्टीचे पैसे पदराले बांधले,
जावई म्हने, आनखी एक करून घ्या.
केली. पाझिटिव.
पदराची गाठ सोडली नाही मी. ते पैसे तसेच झिजत रायले.

डॉक्टर पोरगंच होतं, मिशी बी धड नाही.
खुर्चीवर बसवलं मले, हे मोठंच.
"काकू, तो आता जिता नाही. मेलेले तुकडे हायेत त्याचे.
मशीनले दिसतात. तुमच्यानं कोनाले काई होत नाही."
रजनीनं हेच सांगतलं गावात, पारापारावर.
गंगू राऊतीन म्हने, "मेला, त दिसते काहून?"
त्याले उत्तर नव्हतं कोनापाशी.
हापशीवर माही बादली दिसली
का दुसऱ्या बादल्या आपोआप मागं सरकत.

मले मातर समजलं होतं.
मी चक्कीवाल्याची बायको.
चक्की बंद होऊन दोन महिने झाले,
मीटर कापून नेला, पट्टा ढिला पडला,
तरी दार उघडलं का वास येते ज्वारीचा.
खिट्टीवर त्याईची टोपी हाये.
बोट लावलं, बोट पांढरं.
भितीच्या फटीत, तागडीच्या साखयीत,
कोनाकोनाचं दयन बसलं हाये, नाव नसलेलं.
त्या पिठाची भाकर होत नाही.
पन पीठ नाही, असं कोन म्हनन?

आनि एक गोष्ट मी डॉक्टरले सांगतली नाही.
पहिले ताप त्याईले आला होता.
डोकं दाबलं मी, एकाच तांब्यानं पानी पेलो,
"सरक तिकडं," म्हने, "तुले लागन."
मी काई सरकली नाही.
मंजे जे माह्या नाकात उरलं हाये
ते त्याईच्याकडून आलेलं.
चाळीस वर्सांत एक साखयी करून देली नाही मानसानं,
देलं त हे.
रातच्याले वाटे, राहू दे बाप्पा थोडं.
सकायी नातीची याद आली का वाटे,
जाय बाबा एकदाचं.

चौथा रिपोर्ट रजनीनं कुडाबाहेरूनच सांगतला,
बोंबलून, साऱ्या गल्लीले आयकू जाईन असा.
"काकू, निगेटिव! दोनदा पाह्यलं!"
मी बरं म्हनलं.
चक्कीत गेली. दार लोटून घेतलं.
किती वेळ, ते मले ठाऊक नाही.

दर्यापुरात जावयानं हात धुवाले लावले, पाय बी.
लुगडं बदलून मंग नात मांडीवर देली.
पिशवीतून अंगडं काढलं, टोपरं काढलं,
त्याच्याखाली काय होतं ते पाह्यलंच नाही कोनी.
पोरीनं नाक आकसलं
आनि शिंकली.
जावई दाराकडं, लेक भितीकडं, इहीनबाई चुलीमांगं.
खोलीत आमी दोघीच रायलो
आनि मले हासू आवरे ना.
अरे बाप्पा, पीठ हाये ते.