बिंदू क्रमांक २१४

कालाघोड्याच्या पुलाखाली, डावा काठ,
साखळी एकशे ऐंशी ते दोनशे चाळीस.
मोजणी रयजीभाईंची, जानेवारीतली.
मी कारेलीबागेतल्या ऑफिसात
विश्वामित्री पडद्यावर पसरून बसलेली.

अंतर विचारलं की अंतर सांगतं.
दोन टिचक्या. बावीस मीटर एकोणसाठ.
उतार विचारला तर उतार: तीनास एक.
न विचारलेलं काही बोलत नाही,
आमच्या शिर्केसाहेबांच्या अगदी उलट.

समतलरेषा पाण्याकडेनं शहाण्यासारख्या चाललेल्या
आणि मधेच एक फुगवटा,
चादरीखाली मांजर झोपावं तसा.
कर्सर नेला. बिंदू २१४.
शेजाऱ्यांपेक्षा चाळीस सेंटिमीटर वर.
शेरा: म.

म म्हणजे माती, आमच्या यादीत तसंच आहे.
घनफळ विचारलं. एक दशांश दोन घनमीटर.
खोदाईच्या रकान्यात जाऊन बसलं ते,
दरही लागला, वाहतुकीसकट.

तरी फोन केला.
"अरे बेन," रयजीभाई हसले,
"मी समोरच्या काठावर होतो.
प्रिझम घेऊन तिकडे कोण जाणार?
सरळ किरण टाकला. वही बघा ना, लिहिलंय."

वही बघितली.
म होता. डोक्यावर रेघ नसलेला,
गुजराती.
"मगरनो म, बेन.
उन्हाला आली होती. थंडी तिलापण वाजते.
मी यंत्र आवरलं तरी तिथंच."

सोमवारी निविदा जाणार होती.
तिच्या पाठीचं बिल कुणीतरी लावलं असतं,
कुणीतरी मंजूरही केलं असतं.

बिंदू पुसला. पृष्ठभाग नव्यानं विणला.
रेषा मुकाट सरळ झाल्या.
रकान्यातून एक दशांश दोन उठून गेलं.

मग उगीच, कामाचं नसताना,
पुसल्या जागी एक टिचकी,
दुसरी पाण्याच्या कडेला.
तीन मीटर दहा. रमतगमत यावं असा उतार.

आता आमचा काठ मांडला त्यावर,
दगडी अस्तराचा, दीडास एक,
आणि पुन्हा त्याच दोन टिचक्या.
अंतर आलं.
उंचीतला फरक आला.
कोनही आला, दशांशाच्या चार घरांपर्यंत.

रयजीभाईंना परत फोन.
मगर किती उतार चढते हो?
बराच वेळ नुसती खरखर.
"बेन," ते म्हणाले,
"रविवारी सकाळी या. वही घेऊन या."