सुभेदार काय राखतो

पहाटे साडेपाचला लिफ्टमध्ये आम्ही चौघं:
मी, मेघश्याम, टिकली आणि सुभेदार.
टिकलीला वाटतंय डॉक्टर,
म्हणून ती कोपऱ्यात, पत्र्याचाच एक भाग झालेली.
सुभेदाराला काहीच वाटत नाही.
तेरा वर्षांत त्याने एवढं एक कमावलंय.

दिवे घाटाच्या तिसऱ्या वळणावर टिकलीने
कालचा दहीभात परत केला,
नेमका डब्याच्या पिशवीवर.
काच खाली केली. गार वारा, ट्रकचा धूर,
आणि मागे, खूप मागे,
हडपसरचे दिवे, कुणी विझवायचे विसरलेले.
"फिरायचं का परत?" मेघश्याम म्हणाला.
प्रत्येक घाटात तो हे विचारतो
आणि गिअर पुढचाच टाकतो.

सोनोरीत गाडी लावली.
वाटाण्याच्या शेंगा खुडणाऱ्या बाया
कंबर सरळ करून आमच्याकडे बघत राहिल्या.
मल्हारगड तसा चिमुकला, पोरंटोरं धावत चढतात.
टिकली तर चारदा चढली,
वर जाऊन पुन्हा खाली,
आम्ही सगळे आहोत ना, हे मोजत.

सुभेदार पहिल्याच चढाला बसला.
त्याचे मागचे पाय आता भाड्याने आणल्यासारखे,
मनात आलं तर येतात.
मेघश्यामने जुन्या चादरीची झोळी केली,
तिच्यात एकतीस किलोंचा तो ऐवज घातला
आणि लग्नात वरमाईला वागवावं
तसं दोघांनी त्याला उचललं.
दर वीस पावलांवर टेकवायचा.
दर वीस पावलांवर तो आमच्याकडे बघायचा,
म्हणजे, का थांबलात?

मध्ये मेंढरं आली. शंभर तरी.
त्यांच्या कडेने एक कुत्रा चालत होता,
गळ्यात खिळ्यांचा पट्टा, एक कान फाटका,
त्याने झोळीकडे एकदाच पाहिलं
आणि कामाला लागला.
टिकली माझ्या पायांमागे.
काठीला टेकून म्हातारा म्हणाला,
"काय राखतंय हे?"

काय राखतो?
सातवा मजला, फ्लॅट सातशे दोन.
पार्सलवाल्यावर भुंकतो,
तेही हल्ली, तो जिना उतरल्यावर.
"काही नाही, बाबा," मी म्हटलं.
"असंल काहीतरी," तो म्हणाला,
"रिकामं कुत्रं असं बघत नाय."
आणि मेंढरांच्या धुळीत गेला.

वर महादेवाच्या देवळापाशी
डब्याच्या झाकणातून सुभेदार पाणी प्याला,
अर्धं मिशांना.
आम्ही थालीपीठ सोडलं. टिकलीची माफी झाली,
तिला पहिला तुकडा.
तो मात्र आमच्या बुटांपाशी जाऊन बसला,
आमच्याकडे पाठ,
तोंड आम्ही आलो त्या वाटेकडे.
वाऱ्याने कान उलटे झाले तरी हलला नाही.

मेघश्याम सतरा दिवस दवाखान्यात होता त्या वर्षी
हा असाच बसायचा, दाराकडे तोंड करून.
जेवण पुढे ठेवलं तरी मान वळवायचा नाही.
मला वाटलं होतं, पोट बिघडलंय.
मी ओव्याचं पाणी पाजलं होतं त्याला.

हे मेघश्यामला मी कधी सांगितलं नव्हतं.
तिथेही नाही सांगितलं.
थालीपीठ गार होतंय, एवढंच म्हटलं.

रात्री बाल्कनीत, जुनी चाळणी उलटी घालून
तिच्यावर दिवा, आणि कुसळं काढणं.
टिकलीच्या बोटांच्या बेचक्यांतून,
सुभेदाराच्या काखेतून, शेपटीच्या मुळाशी रुतलेली.
वाटीत साठत गेली. मोजायची सोडून दिली.
दोन माझ्या मोज्यात निघाली,
एक मेघश्यामच्या भुवईत,
ते कसं, त्यालाच ठाऊक.
तो खुर्चीतच झोपला होता, तोंड उघडं.

सोमवारी पार्सलवाला आला. सही घेतली. गेला.
लिफ्टचं दार बंद झालं.
खाली पोचल्याचा आवाजही आला.
मग सुभेदार उठला,
आधी पुढचे पाय, मग विनवणी करून मागचे,
दाराशी गेला
आणि भुंकला. एकदाच.

शाब्बास, मी म्हटलं.