लेइकिस्ती

फिन्निश शब्दकोशात या शब्दाला दीड ओळ दिली आहे:
खेळापुरतं, खरं नसलेलं.
आपल्या खोटंखोटंची ही थंडीतली मावसबहीण.

पण कोश करणारा माणूस
हिल्लाच्या दुकानात कधी गेला नसावा.

कुहमोला, तळ्याकाठी, सरपणाच्या रचलेल्या थप्पीमागे
फळकुटावर तिने मासे मांडलेत,
म्हणजे बर्चच्या सालीचे सात तुकडे.
आठवाही आहे, पण तो विकायचा नाही.
तो आजारी होता.

गिऱ्हाईक एकच, तौनोआजोबा.
चाळीस वर्षं सरकारसाठी जमीन मोजली,
अजून पाऊल पडतं ते मीटरभरच.
खिशातून दोन युरोचं नाणं काढून
ते फळीवर ठेवतात.
हिल्ला उलटसुलट करून बघते.
"हे इथे चालत नाही."
मग ते वाकतात, गुडघा कटकन वाजतो,
एक पिवळं पान उचलून देतात.
ती अर्धं फाडून परत करते.
सुट्टे.

नियम ती एकदाच सांगते:
तो शब्द सुरुवातीला म्हणायचा, मध्ये नाही.
मध्ये म्हटला की मासे परत साल होतात.
आणि बोलायचं सगळं भूतकाळात.
मी कोळीण होते. तू भुकेला होतास.
इथे समुद्र होता.
होता म्हणजे आहे. कळलं?

आजोबांना कळायला वेळ लागतो.
त्यांना भूतकाळ लागतो तो
पेन्शनच्या खिडकीशी, बँकेत,
चर्चबाहेर हात हातात घेणाऱ्या ओळखीच्यांपुढे.
लेम्पी माझी बायको होती.
दोन हिवाळे हेच वाक्य,
कोटाला विसरून राहिलेल्या टाचणीसारखं.

"किती मासे?"
"एक."
"एकटाच होतास?"

पलीकडच्या काठावर कुणीतरी
होडीचं इंजिन ओढून ओढून बघतंय, लागत नाही.
आजोबा टोपी काढतात. परत घालतात.
"लेइकिस्ती," ते म्हणतात,
घसा खाकरून, मागे वळून बघून,
"लेम्पी होती."

शब्द मध्येच आला.
नियमाने आत्ता सगळ्याची साल व्हायला हवी.
हिल्ला ऐकलं न ऐकलंसं करते,
दुसरा मासा उचलते,
वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळता गुंडाळता विचारते,
"तिला काट्यांचा त्रास होता?"

"होता," आजोबा म्हणतात.
"नीट काढून दे."