माशी बांधताना

इनास बार्देसकर,
कॅम्पातल्या मेसमध्ये तीस वर्षं कांदा चिरलेला माणूस,
कोरे गल्लीत आमच्या मागाशी येऊन बसायचा
आणि उरलेलं रेशीम मागायचा.
काठाचं. जरीचं असलं तर फारच बरं.
बायकोला नव्हे हो, माशीला.

आई म्हणायची, माशीला लुगडं?

चिमटीत तिळाएवढा गळ,
कोंबड्याच्या मानेचं एक पीस, तीन वेढे, गाठ,
वरून जरीचा अर्धा वेढा.
बघता बघता लोखंडाला पाय फुटायचे.
मराठीत सोय आहे, म्हणायचा,
माशी म्हटलं की वाटतं माशाचीच बायको.
तिच्यामागं तो येणारच.

खानापूरच्या खाली, मलप्रभेत,
त्यानं मला गुडघाभर पाण्यात उभं केलं.
हातात वेताची काठी, पितळी चाक,
कुण्या मेजरनं बदली होताना सोडून दिलेली.
मी दोरी फेकली ती धोट्यासारखी,
खटाक इकडे, खटाक तिकडे,
आणि माशी माझ्याच कानात.

"राव रे पुता.
मागं गेलेली दोरी मागं पुरती सरळ होऊ दे.
तुला दिसायची नाही. मनगटाला कळेल.
मग पुढं."

एवढं शिकायला दोन उन्हाळे गेले.

दांडवणीला माशी तरंगती हवी,
वाऱ्यानं सहज पडलेली.
दोरीनं जरा ओढली की तिला माणूस कळतो.
म्हणून दोरीचं पोट उचलायचं, वरच्या अंगाला टाकायचं,
नदीला वाटू द्यायचं, आपणच नेतोय.

मरळ देसूरच्या तळ्यात, कमळाच्या पानांखाली.
तिला बाटलीच्या बुचाचा बेडूक.
टपकन टाक. थांब. बिडी पेटव.
मग एकच हिसका.
पण आजूबाजूला पिलांचा लाल ढग दिसला, तर घरी चल.
आई रागानं गळ गिळते, भुकेनं नव्हे.
तशीला धरण्यात कसली कला?

खडशीला धावतं पाणी. दोरी आडवी,
वळणावर माशी झुलू दे,
ती घेईल आणि चाक किंचाळेल.
किंचाळू दे. अंगठा लावलास तर भाजेल.

एकदा घाट उतरून कारवारला नेलं,
काळी नदीच्या तोंडाशी, भरतीला.
खाऱ्यातला जिताडा गोड्यातल्या रीती मानत नाही.
काठी उचललीस की गेला.
हातानं दोरी ओढ, सरळ, पोटाकडे,
मागाची फणी ओढतोस तशी.

तो एकच मासा मी पहिल्या फटक्यात धरला.
इनास काही बोलला नाही.
रात्री माझ्या ताटात त्यानं डोकं वाढलं.

आता त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोती.
माश्या मी बांधतो. तो बोटांनी चाचपतो,
"पाय जास्त झालेत."

परवा एकटाच गेलो.
पलीकडून गुरशिद्ध अंबिगेर जाळं झटकत ओरडला,
"मीन सिक्तेनरी?"
नाही, म्हटलं.
"गाळ?"
मी पायाखाली बघितलं. घोटाभर होता.
तो हसला, पाणी तुडवत आला, गळाला बोट लावलं.
त्याच्याकडे गळाला गाळ म्हणतात,
वाऱ्याला गाळी.
माझी माशी तळहातावर घेऊन त्यानं फुंकली.
उडाली नाही.
"नोण," म्हणाला, मग जरीकडे बघत राहिला,
आणि न विचारता टोपीला खोचली.
बदल्यात पानात गुंडाळून दोन मासे.

संध्याकाळी ते इनासपुढं ठेवले.
धरले, म्हटलं.
त्यानं एकेकाच्या ओठावरून अंगठा फिरवला,
सावकाश, आतून, बाहेरून.

"ओठ धड आहेत रे पुता,"
म्हणाला,
आणि कांदा चिरायला घेतला.