वळण्यापुरती जागा

मागच्या मोसमात घणसोलीकडून खेळताना
चेंडू माझ्याकडे आला की बांधावरचे लोक उठून उभे राहायचे.
म्हणायचे, पार्ट्याला मागेही डोळे आहेत.
मलाही तसंच वाटायला लागलं होतं,
खोटं कशाला बोला.

मग नेरूळच्या क्लबने बोलावलं.
बूट दिले, येण्याजाण्याचे पैसे दिले,
आठ नंबर दिला.
तिथला गोली चेंडू उचलून
थेट पुढच्या दोन धिप्पाडांच्या डोक्यावर टाकायचा.
मी मधल्या मध्ये मान वर करून,
खाडीवरून जाणारे रोहित बघावेत तसा
चेंडू बघत राहायचो.
चुकून पायात आलाच तर वळेपर्यंत अंगावर दोघे,
आणि डावीकडे नुसतं गवत.
गवताला काय पास देणार?

चौथ्या सामन्यात सत्तावन्नाव्या मिनिटाला बाहेर काढलं.
बाकावर लेस सोडताना
पहिल्यांदा दर्शन मढवी आठवला.

आमचा डावा बॅक.
मी चेंडू थांबवायच्या आधीच पळत सुटलेला असायचा.
दहातल्या आठ वेळा त्याला पास मिळायचाच नाही,
पण समोरचा एकजण त्याच्यामागे फरपटत जायचा
आणि मध्ये जागा पडायची,
जेमतेम चटईएवढी.
तिच्यात मी वळायचो.
टाळ्या वाजायच्या तेव्हा हा तिकडे
गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत.

आणि नजीब.
माझ्या मागे दहा पावलांवर,
मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटत.
मी हरवलेला चेंडू परत आणून द्यायचा,
शेजारी विसरलेली छत्री आणून देतात तसा, न बोलता.
अंगावर कुणी येत असलं तरच ओरडायचा.
माझे मागचे डोळे ते.

रात्री कोपरखैरण्याच्या खोलीत वडिलांना सांगायला बसलो.
बत्तीस वर्षं एपीएमसीत, कांदा-बटाटा,
मानेवरचा घट्टा अजून तसाच.
खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नाही,
म्हणून टोपलीतले कांदे फरशीवर मांडले:
चार मागे, तीन मध्ये, तीन पुढे.
गोलीला लसूण.
बराच वेळ बघत राहिले.
मग डावीकडचा मागचा कांदा बोटाने पुढे सरकवला.
"हा गेला की तुला वाट होते."
माझ्या मागचा उचलून मुठीत धरला.
"आता? उचल द्यायला कोणी नाही.
एकट्याच्या पाठीवर पोतं चढत नसतं, पोरा."
आई म्हणाली, झालं असेल तर द्या इकडे, तेल जळतंय.
अर्धा संघ भाजीत गेला.

मोकल सरांना फोन केला.
म्हणाले, आठवर तांडेलांचा धाकटा खेळतो आता.
नजीब दोह्याला गेला, ती जागा आहे. बघ.

रविवारी पोराच्या मागे दहा पावलांवर उभा राहिलो.
इथून मैदान वेगळंच दिसतं,
सगळ्यांच्या पाठी दिसतात.
एकजण त्याच्या डाव्या खांद्याआडून येत होता.
दर्शन निघालाच होता.
मी ओरडलो,
कुठल्या भाषेत, आठवत नाही.
पोरगा वळला. बांधावरचे लोक उठले.

पुढे काय झालं मला नीट दिसलं नाही,
मी दर्शनने सोडलेल्या जागेकडे
सरकत होतो.