डावा हात

नेवाडातल्या कोरड्या तळ्यावर
सकाळी सात चाळीसला मी मेलो.
नऊ दहाला पुन्हा.
रेडिओवर टिस्डेलचा कंटाळलेला आवाज :
"निळा दोन, संपलास तू. घरी जा."

शत्रू होणं ही त्याची नोकरी.
विमान आमचंच, रंग तेवढा त्यांचा,
नाकावर तांबडा आकडा.
पोरीच्या शाळेच्या अर्जात
'वडिलांचा व्यवसाय' पुढं काय लिहितो, कोण जाणे.
वळायचा त्यांच्यासारखा, उशिरा, रुंद,
खालून हुकूम यायचा असल्यागत.
स्वतः जिंकला असता अशा जागी
त्यांच्या नियमानं हरायचा,
आणि त्या दिवशी जेवताना गप्प.

दुपारी फळ्यापुढं हात उचलायचा.
उजवा पंजा मी, डावा तो.
डावा सावकाश मागून येई,
मनगट जरासं कलतं,
माझ्या अंगठ्यामागं थांबे.
"इथं. इथं तू सूर्याकडं बघितलंस."
मला मारणं म्हणजे
त्याच्या डाव्या हाताचा मळ.

बाविसाव्या खेपेला मी मेलो नाही.
खडू ठेवून त्यानं
पहिल्यांदाच विचारलं, "कसं केलंस?"
मी हात उचलले.
उजवा मी. डावा...
डावा मला उडवताच येईना,
नुसता माझाच हात, घामेजलेला.

टिस्डेल खुर्ची सरकवून उठला.
नखांत खडू असलेला आपला पंजा
माझ्या उजव्याच्या मागं आणून धरला,
वीतभर अंतरावर, स्थिर.
"हं," म्हणाला,
"आता मार."