वर आणि उजवा

तारामुंबरीच्या खाडीसारखा एक निळा चौकोन
आणि त्यात माझी होडी,
बारा ठिपके लांब, शीड म्हणून एक त्रिकोण.
वरचा बाण दाबला की वर,
उजवा दाबला की उजवीकडे.
लवूने दोन्ही दाबले एकदम आणि म्हणाला,
"ताये, ही तिरकी जाणा नाय."

खरंच. दोन बोटं खाली, पण होडी
शेवटी बोललेल्या बोटाचंच ऐकत होती,
लिलावात रावजी
शेवटचा ओरडा तेवढा धरतो
आणि आधीची बोली वाळूत पडते, तशी.

जेवताना बाबा म्हणाले, तिरकं जायचं नाही
तर वारा नाकासमोर असताना घरी यायचं कसं?
एका हातात सुकाणू, दुसऱ्यात दामण,
पायाने डबा सरकवायचा पाणी उपसणाऱ्याकडे.
कोण कुणाला थांब म्हणतं?

रात्री मी चार खुंट्या ठोकल्या,
चार बाणांच्या नावाच्या.
बोट खाली आलं, खुंटीवर टोपी.
बोट उठलं, टोपी काढ.
होडी तेव्हा हलवायचीच नाही.
मग सेकंदाला साठ वेळा
चारही खुंट्यांवरून नजर फिरवायची
आणि जिच्यावर टोपी, तिच्या वाटचं एक पाऊल.

होडी तिरकी गेली.
जरा जास्तच वेगात,
कारण दोन पावलं मिळून तिरकं दीडच्या आसपास पडतं.
ते मी उद्यावर ढकललं.

वर, उजवा, आणि जाळ्याचं बटण:
जाळं पडेना.
तासभर मी माझ्याच ओळींवर संशय घेतला.
कीबोर्ड कणकवलीच्या दुकानातला, साडेतीनशेचा,
तिसरं बोट त्याच्या पोटात मावत नव्हतं.
त्याला काय बोलणार.
जाळं दुसऱ्या बटणावर नेलं.

"लवू, सुंगटां सोलूक ये!" काकीची हाक.
नेमकी तेव्हाच कसल्याशा सूचनेची खिडकी
खेळावर येऊन बसली,
आणि लवूचं बोट उठलं ते तिच्यासमोर.
माझ्या खेळाला कुणी कळवलंच नाही.

होडी उजवीकडे जात राहिली.
पडद्याबाहेर गेली तरी कोपऱ्यातला आकडा वाढत होता,
नऊशे, चौदाशे, दोन हजार सत्तर.

खिडकी दुसरीकडे वळली की सगळ्या टोप्या काढ,
एका ओळीचं काम.
पडवीत काकी सोलत बसली होती,
तिच्या डोक्यावरच्या खुंटीला काकाची निळी टोपी,
तीन वर्षं झाली.

मी ओळ लिहिली.
चालवायच्या आधी थोडा वेळ आकडा बघत बसले.